गावकुसाबाहेरचं इस्पितळ

माझी आजी 'हॉस्पिटल' म्हणत नसे, 'इस्पितळ' म्हणे. "त्याला इस्पितळात ठेवलंय" एवढं ती बोलली की घरातले सगळे आवाज आपोआप खाली यायचे. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. पाव, बटाटा, चावी आणि पगार ज्या गलबतांतून आले, त्यांच्यातूनच. पोर्तुगीज शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, 'होस्पेस' या शब्दात आहे. आणि होस्पेस म्हणजे रोगी नव्हे, वैद्यही नव्हे. होस्पेस म्हणजे पाहुणा. गंमत अशी, की त्या भाषेत यजमानालाही हाच शब्द. हॉटेल, हॉस्टेल आणि होस्ट ही सगळी याच घरातली भावंडं.

मग आजारी माणसाला ठेवायच्या जागेला पाहुण्याचं नाव कसं काय पडलं?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरी या शहरात जाऊन पोचतो. कॅपाडोशियाच्या सहलीत पहाटे बलूनमध्ये बसून आलेल्यांपैकी बरेच जण विमानानं इथेच उतरले असतील आणि शहराकडे न बघता बसनं पुढे गेले असतील. मराठी बायबलमध्ये या मुलखाला 'कप्पदुकिया' म्हटलंय. तेव्हाच्या कैसरिया नगरीची ही गोष्ट. तिच्यात दोन माणसं आहेत, आणि दोघंही तरुणपणी, इ.स. 355 च्या सुमारास, अथेन्सला शिकत होती. एक पुढे रोमचा सम्राट झाला आणि त्यानं ख्रिस्ती धर्म मोडून काढायचा चंग बांधला. दुसरा बिशप झाला.

आधी सम्राटाकडे जाऊ. त्याची साक्ष जास्त मोलाची आहे, कारण ती विरोधी पक्षाची आहे.

ज्युलियन हा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा पहिला रोमन सम्राट तो हा कॉन्स्टंटाइन. 337 मध्ये तो वारला आणि घराण्यात कत्तल झाली. तीत ज्युलियनचे वडील आणि बहुतेक जवळचे नातलग मारले गेले. गादीवर बसलेले चुलतभाऊ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. पोरक्या ज्युलियनची रवानगी काही वर्षं कैसरियाजवळच्याच एका शाही वाड्यात झाली. तिथे त्याला बायबल शिकवलं गेलं. चर्चमध्ये तो शास्त्रवाचनही करायचा. त्या पोराच्या मनात या धर्माबद्दल काय साठत गेलं असेल, ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. 361 मध्ये सम्राट झाल्यावर त्यानं जुन्या देवांची देवळं पुन्हा उघडली, पुजाऱ्यांना मानमरातब दिला आणि वाट पाहत बसला. लोक काही परत येईनात.

362 मध्ये त्यानं गलातियाच्या, म्हणजे आजच्या अंकाराच्या आसपासच्या प्रांताच्या, मुख्य पुजाऱ्याला एक पत्र लिहिलं. नापास झालेल्या शाळेच्या हेडमास्तरांनी शेजारच्या शाळेचा निकाल बघून शिक्षकांना झापावं, तसा त्या पत्राचा सूर आहे. हे गालीली कशामुळे वाढले, हे आपण बघतच नाही, असं तो म्हणतो. (ख्रिस्ती लोकांना तो हिणवून 'गालीली' म्हणायचा. गालील म्हणजे येशूचा मागास, आडवळणाचा मुलूख.) ते परक्याला आसरा देतात, मेलेल्याची माती नीट करतात. ज्यू लोकांत कुणी भिकारी दिसत नाही. आणि हे गालीली तर स्वतःचे गरीब पोसून वर आपलेही पोसतात, आपल्या माणसांना मात्र आपल्याकडून काही मिळत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. याची लाज वाटली पाहिजे. मग हुकूम येतो: गावोगाव धर्मशाळा बांधा, आपल्याच नव्हे तर कुठल्याही परक्यासाठी. त्यासाठी दरसाल तीस हजार 'मोदी' (धान्याचं रोमन माप) गहू आणि साठ हजार मापं वाइन मंजूर. आजच्या हिशेबात गहू साधारण दोनशे टन आणि वाइन तीसेक हजार लिटर. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतल्या गरिबांना, बाकी सगळं परक्यांना आणि भिक्षेकऱ्यांना.

एका साम्राज्याचा धनी प्रतिस्पर्ध्याच्या धर्माकडून काय उसनं घेऊ पाहतो? त्यांचं तत्त्वज्ञान नाही, उपासना नाही, ग्रंथ नाहीत. त्यांची खिचडीची पंगत!

हे पत्र आपल्यापर्यंत आलं ते सोझोमेन या पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकारानं आपल्या ग्रंथात उतरवून घेतलं म्हणून. त्यामुळे ते अस्सल आहे का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे, आणि ती घेणं रास्तच. पण ज्युलियनचं आणखी एक लेखन आहे, एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्राचा तुकडा, आणि त्यात तो हेच वेगळ्या, कडवट भाषेत सांगतो. पोरं पळवणारे कसे दोन-तीनदा गोड वडी टाकून पोराला मागे मागे नेतात, घरापासून लांब गेलं की जहाजात कोंबतात आणि गुलाम म्हणून विकतात. या लोकांची जेवणं आणि पाहुणचार तसाच आहे, असं तो म्हणतो. आमिष दाखवून धर्मांतर, हा आरोप आपल्याकडे आजही आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रात येतो. त्याची ही साडेसोळाशे वर्षांपूर्वीची प्रत आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता एक गोष्ट खटकेल. त्या काळी दानधर्म नव्हता का? होता, आणि प्रचंड होता. रोमन शहरातला श्रीमंत माणूस स्नानगृहं बांधायचा, नाट्यगृहं बांधायचा, खेळ भरवायचा आणि दगडावर नाव कोरून घ्यायचा. रोममध्ये धान्य फुकट वाटलं जायचं. पण ते मिळायचं यादीत नाव असलेल्या नागरिकांना. भुकेलेल्याला, केवळ तो भुकेला आहे म्हणून, नव्हे. उपकार करायचा तो आपल्या नगराच्या माणसावर, जो टाळ्या वाजवेल, मत देईल, पुतळा उभारेल. जो कुणाचाच नाही, त्याच्यासाठी त्या हिशेबवहीत पानच नव्हतं.

रुग्णशाळासुद्धा होत्या. पण कुणाच्या? सैन्याच्या छावण्यांत सैनिकांच्या आणि मोठ्या शेतमळ्यांवर गुलामांच्या. दोघांचीही किंमत मोजलेली असायची, म्हणून दुरुस्तीची सोय. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या गुलामांना रोममधले काही मालक तिबेर नदीतल्या बेटावर, वैद्यदेव एस्क्युलेपियसच्या देवळापाशी सोडून द्यायचे. हे इतकं वाढलं, की सम्राट क्लॉडियसला कायदा करावा लागला: असा टाकलेला गुलाम जगलाच, तर तो स्वतंत्र. ग्रीसमध्ये याच देवाचं सगळ्यात मोठं क्षेत्र एपिदौरोस. रोगी तिथे रात्रभर देवळात झोपत आणि स्वप्नात देव उपचार सांगत असे. पण त्या पवित्र आवारात मरायला आणि बाळंत व्हायला बंदी होती. म्हणजे ज्या दोन वेळी माणसाला दुसऱ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्या दोन वेळी बाहेर व्हा.

या जगात ख्रिस्ती मंडळी हा एक छोटा, संशयास्पद पंथ होता. त्यांच्यातल्या एका पदाचं नाव होतं 'डीकन'. आज चर्चमध्ये तो मानाचा हुद्दा आहे, पण मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', आणि त्याचा साधा अर्थ पंगतीत वाढणारा. वाढपी! 251 मध्ये रोमच्या बिशपनं एका पत्रात आपल्या मंडळीचा ताळेबंद दिला आहे: इतके पाळक, इतके डीकन, इतके द्वारपाल, आणि मंडळीच्या खर्चावर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसं पंधराशेहून अधिक. तेव्हा हा धर्म बेकायदा होता. छळ नुकताच एकदा होऊन गेला होता आणि पुन्हा होणार होता. अशा अवस्थेत दीड हजार ताटं रोज वाढायची.

त्याच दशकात साथ आली. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं तिची लक्षणं लिहून ठेवली, म्हणून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस बिशपनं लिहिलंय, की लोक जिवंत माणसांनासुद्धा घराबाहेर रस्त्यावर ढकलत होते, तर आमची माणसं रोग्यांपाशी बसून राहिली आणि त्यांच्याबरोबर मेली. हा आपल्या बाजूचं कौतुक करणारा लेखक आहे, तेव्हा चार आणे वजा करूनच वाचावं. पण यातली एक गोष्ट वैद्यकाच्या अंगानं फार विलक्षण आहे. विल्यम मॅकनील या इतिहासकारानं ती 1976 मध्ये मांडली. औषध नसलेल्या काळात नुसत्या शुश्रूषेनं काय होणार, असं आपल्याला वाटतं. पण जुलाब-उलट्यांच्या साथीत बरीच माणसं रोगानं मरत नाहीत, ती उठून पाणी पिता न आल्यामुळे मरतात. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखर-पाणी नातेवाइकांच्या हातून पाजवलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. तिसऱ्या शतकातल्या माणसाला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी शेजारी बसून वाटी तोंडाला लावली, अंग पुसलं, पेज भरवली, की आपोआप काही माणसं वाचत होती. आणि वाचलेला माणूस डोळे उघडून बघायचा तेव्हा समोर कोण असायचं?

या लोकांना तिथे बसून राहायचं बळ कशातून आलं? मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं एक चित्र आहे. राजा सिंहासनावर बसतो आणि माणसांची दोन भागांत वाटणी करतो. विचारतो काय? उपास किती केले, प्रार्थना किती म्हटल्या, यातलं काहीच नाही. मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. तेव्हा तू काय केलंस? येशूनं शेवटच्या परीक्षेचा पेपर असा आधीच फोडून ठेवला आहे. पण मला या गोष्टीत सगळ्यात नवल वाटतं ते दुसऱ्याच तपशिलाचं. ज्यांनी केलं ते आणि ज्यांनी केलं नाही ते, दोघंही एकच प्रश्न विचारतात: महाराज, तुम्हाला असं आम्ही कधी पाहिलं? राजाला कुणीच ओळखलेलं नसतं. पुण्य करतोय हे माहीत असणाऱ्याला या गोष्टीत जागाच नाही.

आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, आणि त्याला देव मानायचं. कल्पना फार लांबच्या नाहीत. फरक असलाच तर एवढा, की मत्तयाच्या गोष्टीत हा पाहुणा दारात येईलच असं नाही. त्याला तुरुंगात आणि आजाऱ्याच्या अंथरुणापाशी जाऊन शोधावं लागतं.

आता बॅसिल. त्याचा जन्म 330 च्या सुमारास कैसरियातला. घराणं जमीनदार, शिकलेलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. अथेन्सहून परतल्यावर त्याला वैराग्य आलं. इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाइन इथले संन्यासी पाहून आला, वाटणीची बरीच मालमत्ता विकून वाटली आणि नदीकाठी रानात जाऊन राहिला. पण एकांतातल्या तपश्चर्येबद्दल त्याच्या मनात एक अडचण उभी राहिली, आणि ती त्यानं मठाच्या नियमांत लिहून ठेवली आहे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे तर करायचं आहे. मग एकटाच राहणारा माणूस पाय धुणार कुणाचे? संन्यासाबद्दल विचारलेला इतका व्यवहारी प्रश्न मी दुसरीकडे वाचलेला नाही. बॅसिलचे मठ मग वस्तीच्या जवळ सरकले.

368-69 मध्ये दुष्काळ पडला. हिवाळ्यात बर्फ नाही, वसंतात पाऊस नाही. कैसरिया समुद्रापासून लांब, पठारावर. बंदराच्या गावाला निदान गलबतातून धान्य येतं. आतल्या मुलखात ते बैलगाड्यांनी आणायचं म्हटलं तर बैलच ते वाटेत खाऊन संपवणार. जे काही होतं ते साठेबाजांच्या कोठारात. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. बॅसिलची त्या दिवसांतली प्रवचनं उरली आहेत. एकात तो एका बापाचं वर्णन करतो. पोर विकल्याशिवाय बाकीची जगणार नाहीत; मग विकायचं कुठलं? थोरलं, की धाकटं? हे सांगून तो समोर बसलेल्या धान्यवाल्यांकडे वळतो. त्याचं म्हणणं असं, की तुझ्या कोठारातली जादा भाकरी तुझी नाहीच, ती भुकेल्याची आहे. पेटीत कुजणारे जोडे अनवाण्याचे आहेत. म्हणजे देशील तो उपकार नव्हे, परतफेड. आणि न देणं ही चोरी. दान या शब्दातली ऐटच तो काढून घेतो.

कोठारं उघडली. मोठ्या कढया चढल्या; त्यांत वाटाण्या-डाळींची आमटी आणि खारवलेलं मांस शिजायचं. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो, की बॅसिल स्वतः नोकरांबरोबर वाढायला उभा असे. धाकट्या भावानं आणखी एक नोंद केली आहे: ज्यूंच्या पोरांनाही त्याच पंगतीत तेवढंच मिळत होतं.

दुष्काळ सरतो, कढया उतरतात, लोक विसरतात. इथे तसं झालं नाही, आणि नवलाचा खरा भाग इथून पुढे आहे. 370 मध्ये बॅसिल बिशप झाला आणि त्यानं नगराबाहेर बांधकाम काढलं. प्रांताच्या राज्यपालाकडे कुणीतरी चुगली केली असावी. कारण 372 च्या सुमारास बॅसिल त्याला एक खुलासेवजा पत्र लिहितो, आणि त्या पत्रात आपल्याला सगळा नकाशा मिळतो. एक प्रार्थनामंदिर, राहायच्या जागा, वाटसरूंसाठी आणि आजाऱ्यांसाठी खोल्या. शुश्रूषा करणारे, वैद्य, आणि ओझ्याची जनावरं व सोबत जाणारी माणसं. शिवाय कारागिरांचे कारखाने. ती जनावरं आणि ती माणसं कशासाठी, हे दोनदा वाचल्यावर लक्षात येतं. ज्याला चालता येत नाही, त्याला आणायचं-पोचवायचं कसं? आपण आज 108 ला फोन करतो.

राहण्याची जागा, शुश्रूषा आणि वैद्य या तीन गोष्टी एकत्र, कायमच्या, आणि कुणाही अनोळखी गरिबासाठी. त्या जगाला ही जोडणी नवी होती. दया पृथ्वीवर पहिल्यांदा तिथेच उगवली, असं मी म्हणणार नाही. अशोकानं माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचारांची सोय केल्याचं सहाशेहून अधिक वर्षं आधी खडकावर कोरलं होतं, आणि बॅसिलनंतर एका पिढीतच पाटलिपुत्रात आलेल्या फाहियान या चिनी बौद्ध भिक्षूनं तिथल्या धर्मार्थ दवाखान्याचं वर्णन केलं आहे. दोन वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांना न कळवता एकाच गोष्टीपाशी पोचली होती.

वैद्य नेमले, याचंही एक कारण आहे. आजार ही देवाची इच्छा, मग औषध घेणं म्हणजे अश्रद्धा, असं म्हणणारे भाविक तेव्हाही होते. बॅसिल स्वतः यकृताच्या दुखण्यानं कायम बेजार. त्याच्या पत्रांत देवाइतकीच तब्येत असते. त्यानं नियमात सरळ लिहिलं, की जमीन नापीक झाली म्हणून देवानं जशी शेती शिकवली, तसंच शरीर नाजूक म्हणून वैद्यक शिकवलं. नांगर धरणं पाप नसेल तर काढा पिणंही नाही.

पैसा कुठून आला? घरचा, देणगीदारांचा, आणि चक्क सम्राट वॅलेन्सचाही. या सम्राटाचं आणि बॅसिलचं धर्ममतावरून टोकाचं भांडण होतं. त्याचा अधिकारी जप्तीची धमकी घेऊन आला, तेव्हा जप्त करायला माझ्याकडे चिंध्या आणि थोडी पुस्तकं आहेत, अशा अर्थाचं उत्तर बॅसिलनं दिलं होतं. तरीही त्याच सम्राटानं महारोग्यांच्या सोयीसाठी जमिनी दिल्या. गरिबांच्या आश्रयस्थानांना करमाफी द्या म्हणून सरकारी हिशेबनिसांना लिहिलेली बॅसिलची पत्रं तर आजच्या कुठल्याही ट्रस्टच्या चिटणिसाला आपली वाटावीत. संत म्हटला तरी कागद करावेच लागतात.

महारोगी हे या वसाहतीतले खास रहिवासी. ग्रेगरीनं त्यांची दशा लिहिली आहे. घरातून, बाजारातून, पाणवठ्यावरून हाकललेली माणसं. चेहरे इतके गेलेले, की ती आई-बापांची नावं सांगत, ओळख पटावी म्हणून: मी अमक्याचा मुलगा, एकेकाळी तू माझा मित्र होतास. या रोगाचा जंतू सापडायला 1873 साल उजाडायचं होतं, औषध तर त्याहून पुढे. बॅसिल त्यांना बरं करू शकत नव्हता. तो त्यांना भेटल्यावर मिठीत घेऊन मुका घ्यायचा, असं ग्रेगरी सांगतो. बॅसिलच्या मृत्यूनंतरच्या भाषणात हा मित्र श्रोत्यांना म्हणतो, की जरा नगराबाहेर चालत या आणि ते नवं नगर बघा. मग बाबिलोनची तटबंदी, इजिप्तचे पिरॅमिड अशी जगातली आश्चर्यं तो एकेक मोजतो आणि सांगतो, की त्यांतून बांधणाऱ्याला थोडं नाव मिळालं, दुसऱ्या कुणाला काही नाही.

यानंतर ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. 373 मध्ये एदेसाला, आजच्या उर्फाला, एफ्रेम या कवी-साधूनं दुष्काळात सार्वजनिक ओसऱ्यांवर तीनशे खाटा टाकल्या. शतक संपायच्या आत रोममध्ये फाबियोला या श्रीमंत बाईनं इस्पितळ काढलं आणि जखमा स्वतः धुतल्या. 1136 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पांटोक्राटोर मठाच्या इस्पितळाची नियमावली लिहिली गेली: पन्नास खाटा, बायकांचा वेगळा विभाग, तिथे स्त्री वैद्य. ग्रीकमध्ये परका आणि पाहुणा यांना एकच शब्द, 'झेनोस'. म्हणून तिकडे या जागेला 'झेनोन' म्हणत. लॅटिनमध्ये होस्पेसवरून पुढचं नाव आलं.

आता त्या गोड वडीचा हिशेब. ज्युलियनचा आरोप निव्वळ द्वेषाचा नव्हता. सेवेतून सत्ता कशी गोळा होते, हे पुढे दिसलंच. अलेक्झांड्रियात रोग्यांची ने-आण करणाऱ्यांचं 'पाराबलानी' नावाचं पथक होतं, ते पुढे बिशपचं गुंडपथकच होऊन बसलं. 416 मध्ये सम्राटाला त्यांची संख्या पाचशेवर बांधून टाकावी लागली. गोव्यात 1510 नंतर पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं उभारलेलं राजाचं इस्पितळ आशियाभर नावाजलेलं होतं. 1608 मध्ये तिथे रोगी म्हणून राहिलेल्या पिरार या फ्रेंच खलाशानं तिथल्या बडदास्तीचं तोंड भरून वर्णन केलं आहे. पण ते होतं पोर्तुगीज सैनिकांसाठी. स्थानिक गरिबांसाठी जेझुइटांनी वेगळं इस्पितळ चालवलं. म्हणजे 'इस्पितळ' हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा त्यातला पाहुणा वाटेतच कुठेतरी उतरला होता आणि रोमन छावणीतली जुनी रुग्णशाळा परत आली होती.

तो पाहुणा मराठी मुलखात आला बऱ्याच उशिरा, वेगवेगळ्या वाटांनी. डॉ. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला शल्यचिकित्सक 1889 मध्ये इकडे आला आणि 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू झालं. तीन वर्षांत त्याला जोडून वैद्यकीय शिक्षण. महारोग्यांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. मिरज ही डॉक्टरांची पंढरी झाली ती तिथून. वानलेस मिशनरी होता आणि धर्मप्रसार हा त्याच्या कामाचा भाग होता. ते त्यानंही लपवलं नाही. अशा कामाकडे बघताना मी एकच कसोटी लावतो, बॅसिलच्या पंगतीतली. वडी घेऊनही जो मागे आला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी वडी मिळाली का? ज्यूंच्या पोरांना कैसरियात मिळत होती. मिरजेच्या इस्पितळात पिढ्यान्‌पिढ्या हिंदू-मुसलमान बाया बाळंत होऊन, आपापल्या देवाचं नाव घेत घरी गेल्या. सांगली-मिरजेच्या मध्ये आजही वानलेसवाडी आहे, आणि तिथल्या लोकांना ते नाव परकं वाटत नाही.

ज्युलियनच्या गव्हाचं काय झालं? 363 च्या जूनमध्ये इराणवरच्या मोहिमेत तो मारला गेला आणि धर्मशाळांचा हुकूम कागदावरच विरला. मरण्याआधी त्यानं कैसरियावर मात्र राग काढून घेतला होता. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी दैवदेवतेचं देऊळ पाडलं, म्हणून त्यानं जबर दंड बसवला आणि कैसरियाचं नाव साम्राज्यातल्या नगरांच्या यादीतूनच खोडून टाकलं.

बॅसिल 379 मध्ये गेला, पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्याच्या इस्पितळाची एक वीटही आज दाखवता येत नाही. पण विल्यम रॅमसे या स्कॉटिश पुरातत्त्वज्ञाला तिथे हिंडताना एक गोष्ट दिसली. त्याच्या काळातलं कैसरी जुन्या रोमन नगराच्या जागेवर नव्हतं. ते मैल-दीड मैल बाजूला होतं. त्यानं निष्कर्ष काढला, की तटबंदीच्या आतली वस्ती हळूहळू उठून बॅसिलच्या बांधकामाभोवती जाऊन राहिली आणि जुनं नगर ओस पडलं. महारोग्यांना जिथे गावकुसाबाहेर ठेवलं होतं, तिथे आता गाव आहे.